पंखा कुठून आला?

घरी माइक लावून गोष्ट वाचली. रेकॉर्ड करताना छताचा पंखा जाणवलाही नव्हता. मग आवाजावर कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारं साधन, टाकला, आणि प्रत्येक वाक्य संपलं की पंखा पुढे येऊ लागला. सूऽऽ... पुढचं वाक्य सुरू झालं की गायब.

कॉम्प्रेसर आवाज मोठा करतो असं अनेकांना वाटतं. खरं तर तो फक्त कापतो, तेही थ्रेशोल्ड नावाच्या रेषेच्या वर गेलेलं तेवढंच. समजा, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल (रेकॉर्डिंगमध्ये शून्य ही कमाल पातळी, म्हणून आकडे उणे) आणि रेशो ४:१ आहे, म्हणजे रेषेच्या वरच्या दर ४ डेसिबलमागे १ च उरतो. जोरात म्हटलेला शब्द उणे ८ वर गेला, म्हणजे रेषेच्या १२ वर. त्या १२ चे होतात ३. शब्द बाहेर पडतो उणे १७ वर, ९ डेसिबल कमी होऊन. उणे ३२ वरची कुजबुज मात्र जशीच्या तशी. दोन्हींतलं अंतर २४ वरून १५ वर आलं.

मग मेकअप गेनने ९ डेसिबल सरसकट सगळ्याला वाढवून द्यायचे. कुजबुज ऐकू येते ती इथे. जोरात बोलताना कापलेलं आणि दिलेलं फिटतं, त्यामुळे पंखा दबलेला राहतो. श्वास घ्यायला थांबलो की कापणं थांबतं, देणं चालूच. पंखाही ९ डेसिबलने वर!

हे कापणं किती चटकन सुरू व्हावं ते अटॅक ठरवतो, आणि किती सावकाश सुटावं ते रिलीज. तबल्यावर १ मिलिसेकंदाचा अटॅक लावून बघा: 'धा'ची थापच बोथट होते, मागची आस तेवढी फुगते. २०-३० मिलिसेकंद दिले तर थाप निसटून जाते आणि बोल जिवंत राहतो.

१९६० च्या दशकातला टेलिट्रॉनिक्स कंपनीचा एलए-२ए हा कॉम्प्रेसर हे काम चक्क उजेडावर करायचा. आवाज चढला की आतली प्रकाशपट्टी उजळायची, शेजारच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध घटायचा आणि आवाज खाली यायचा. अटॅक सरासरी १० मिलिसेकंद. सुटताना मात्र निम्मं साधारण ६० मिलिसेकंदांत सुटायचं, उरलेलं १ ते १५ सेकंदांत रेंगाळत. गाणाऱ्या गळ्यावर तो इतका नैसर्गिक वाटतो, त्यामागे हे रेंगाळणंही आहे.

पंख्यावर उपाय म्हणून गेट सुचवतात. पातळी घसरली की गेट दार लावून घेतो. पण मराठी वाक्य बहुधा 'आहे'वर विरतं, आणि कडक गेट त्यातला 'हे'च खातो. मी पंखा बंद करतो. मे महिन्यात एका बैठकीला दहा मिनिटं, बस.