गिअरबॉक्स बिघडला तर अर्ज कुठे करायचा? रिकॉल, वॉरंटी आणि ग्राहक आयोग : इंदूरच्या गाडीमालकांसाठी

गेल्या श्रावणात शेजारच्या काका-काकूंबरोबर ओंकारेश्वरला गेलो होतो. परतताना भेरूघाट चढताना पुढे ट्रक, मागे प्रवाशांनी भरलेली बस. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडी जागची हलेना. मीटरमध्ये गिअरच्या आकड्याच्या जागी 'एन', म्हणजे न्यूट्रल, लुकलुकत होता. तेवढ्यात गाडी वीतभर मागे सरकली. मी उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. काकू प्रसादाची पिशवी पोटाशी धरून कठड्यापाशी उभ्या राहिल्या, त्यांचे हात थरथरत होते. गाडी दोन वर्षांची, वॉरंटीतली.

पुढचे चार महिने मी काकांबरोबर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारल्या. कुठला अर्ज कुठे चालतो, कुठे चालत नाही, हे त्या फेऱ्यांत कळलं. राजेंद्रनगर, सुदामानगर भागातले आणखी दोघे-तिघे याच फेऱ्यात अडकलेले भेटले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जॉब कार्ड

पहिल्या वेळी गाडी टो करून नेली, तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायजरने जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार नोंदवतं त्या कागदावर, लिहिलं 'जनरल चेकअप'. दुसऱ्या वेळी 'क्लच ॲडजस्टमेंट'. तिसऱ्या वेळी गाडी बंद पडल्यावर कंपनीचं म्हणणं आलं की गिअरबॉक्सबद्दल याआधी तक्रारच नाही. कागदावर बघितलं तर खरोखरच नव्हती. चढावर गाडी मागे सरकली हे आम्ही दोन्ही वेळा तोंडी सांगितलं होतं, पण सही केली ती 'जनरल चेकअप'वर.

तेव्हा पहिलं काम हे की तुमची तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डावर उतरवून घ्या. 'पिकअप कमी' असं नको. 'चढावर ड्राइव्हमधून गाडी आपोआप न्यूट्रलमध्ये गेली, मागे सरकली, मीटरवर एन लुकलुकला, किलोमीटर इतके' असं लिहून घ्या. ॲडव्हायजर तसं लिहीत नसेल तर सही करायच्या आधी स्वतःच्या हाताने खाली लिहा आणि तिथेच फोटो काढा. गाडी परत घेताना काय तपासलं, स्कॅनरवर कोणता एरर कोड आला, कोणता पार्ट बदलला, हे इनव्हॉइसवर यायला हवं. बिल शून्य रुपयांचं असलं तरी ते मागून घ्या. त्याच संध्याकाळी डीलर आणि कंपनीचा कस्टमर केअर, दोघांनाही एक ई-मेल टाका. फोनवरचं बोलणं पुढे कुठेच धरलं जात नाही.

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे, हेही माहीत असू द्या. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाचा यांत्रिक भाग करतो. सीव्हीटीत बेल्ट आणि पुली असतात, डीसीटीत दोन क्लच. हे सांगायचं कारण असं की क्लच प्लेट हा झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळलेला असतो, आणि कंपनी बहुतेक वेळा तिथेच बोट ठेवते. दोष ॲक्च्युएटरमध्ये किंवा त्याला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटमध्ये असेल, तर 'क्लच झिजला' हे उत्तर मान्य करू नका, लेखी कारण मागा. विम्याकडे मात्र जाऊ नका. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाडाचा खर्च येत नाही.

तुमच्या गाडीचा रिकॉल निघाला आहे का

रिकॉल म्हणजे एका ठराविक काळात बनलेल्या गाड्यांत सुरक्षेला धोका असणारा दोष सापडल्यावर कंपनीने त्या परत बोलावून फुकट दुरुस्त करणं. गिअरबॉक्ससाठीही असे रिकॉल आपल्याकडे झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि वर्नाच्या सीव्हीटीवाल्या ७,६९८ पेट्रोल गाड्या बोलावल्या. दोष होता गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरमध्ये. त्याच महिन्यात त्याच भागासाठी कियाने सेल्टॉसच्या ४,३५८ गाड्या बोलावल्या.

तपासायला पाच मिनिटं लागतात. आरसीवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो, तोच व्हीआयएन. कंपनीच्या साइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन अशा नावाच्या पानावर तो टाकला की तुमची गाडी यादीत आहे की नाही, ते कळतं. मॉडेलचं नाव बघून ठरवू नका. तेच मॉडेल, तोच रंग, पण महिन्याच्या फरकाने बनलेली गाडी यादीबाहेर असू शकते. वाहन उत्पादकांची संघटना सियामही आपल्या साइटवर रिकॉलची माहिती ठेवते. तिची स्वेच्छा रिकॉलची संहिता जुलै २०१२ पासूनची आहे.

गाडी यादीत निघाली तर अर्ज वगैरे काही लागत नाही. आरसी घेऊन कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये वेळ घ्यायची. गाडी सेकंड हँड असली, वॉरंटी संपलेली असली, मधली सर्व्हिसिंग बाहेर केलेली असली, तरी रिकॉलचं काम फुकटच व्हायला हवं. या कामासाठी कोणी लेबर मागितलं तर लेखी मागा, आणि ते घेऊन कंपनीला कळवा.

सेकंड हँड गाडीवाल्यांनी एक गोष्ट आजच करावी. कंपनीचं पत्र किंवा मेसेज नोंदीतल्या मालकाला जातो. गाडी अजून पहिल्या मालकाच्या नावावर असेल तर तो निरोप दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलवर जाईल. फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर पूर्ण करा. फक्त घर बदललं असेल तर फॉर्म ३३. दोन्हींची सुरुवात परिवहनच्या पोर्टलवर होते. मोबाइल नंबरही तिथे बदलून घ्या, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. एमपी ०९ च्या, म्हणजे इंदूरच्या, कितीतरी गाड्यांवर अजून डीलरच्या माणसाचाच नंबर चढवलेला असतो.

रिकॉल नाही, पण दोष जीवावर बेतणारा आहे

काकांची गाडी कोणत्याच यादीत नव्हती. अशा वेळी लोक नायता मुंडल्याला आरटीओत जातात किंवा सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार टाकतात. दोन्हीकडे वेळ जातो. १८१ सरकारी खात्यांच्या कामासाठी आहे, आणि रिकॉलचा निर्णय जिल्ह्याच्या आरटीओच्या हातात नाही.

तो अधिकार केंद्र सरकारकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं, आणि त्याखालचा नियम १२७सी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. उत्पादनाच्या तारखेपासून सात वर्षांच्या आतल्या गाडीला तो लागू होतो. दोष गाडीत, एखाद्या भागात किंवा सॉफ्टवेअरमध्ये असावा आणि त्यातून रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असावा. चढावर गाडी आपोआप न्यूट्रलमध्ये जाणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. गिअर बदलताना झटका बसतो किंवा मायलेज कमी आहे, ही तक्रार इथे बसणार नाही, ती वॉरंटीची.

तक्रार केंद्राच्या परिवहन पोर्टलवरच्या वाहन रिकॉल विभागात टाकायची. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर हाताशी ठेवा. वर्णनात काय झालं, कुठे, किती वेगात आणि किती वेळा, एवढंच लिहा. डीलर कसा वागला ते इथे लिहू नका, कारण इथे तपास दोषाचा होतो.

एका तक्रारीवर रिकॉल निघत नाही. त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात तक्रारींची ठराविक संख्या भरावी लागते. त्यानंतर कंपनीला नोटीस आणि गरज पडल्यास चाचणी संस्थेकडून तपास. सरकारने सक्तीचा रिकॉल काढला तर कंपनीला दुरुस्ती, बदली गाडी किंवा पूर्ण किंमत परत, यातलं काही करावं लागतं. दंड १० लाखांपासून एक कोटीपर्यंत होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल काढला तर दंड नाही. म्हणूनच बहुतेक रिकॉल कंपन्या आपणहून जाहीर करतात. या तक्रारीतून काकांना पैसे मिळणार नव्हते, तरी मी त्यांना ती टाकायला लावली. तोच गिअरबॉक्स घेऊन दुसरं कोणीतरी पुढच्या रविवारी त्याच घाटात असणार.

तुमच्या एका गाडीचा न्याय : ग्राहक आयोग

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही तक्रार घेतात, काकूंनी सगळी हकिगत मराठीतच सांगितली. हेल्पलाइन कंपनीकडे तक्रार पाठवते, उत्तर मागते, पण आदेश देऊ शकत नाही. तरीही तक्रार क्रमांक जपून ठेवा, तुम्ही आधी समजुतीने प्रयत्न केला याचा तो पुरावा आहे.

तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा गाडीमालकाच्या फार उपयोगाचा आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात दावा टाकता येतो. इंदूरचा माणूस इंदूरमध्येच लढू शकतो. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग. फी किमतीवर ठरते : ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. वर्कशॉपचं 'पुढच्या आठवड्यात पार्ट येतोय' ऐकत बसलात तरी ही मुदत चालूच राहते.

पात्रतेत एक अडचण टॅक्सीवाल्यांची. व्यापारी कामासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी चालते. एकच टॅक्सी असेल आणि तुम्हीच चालवत असाल, तर ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो, ते १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर डीलर कंपनीकडे आणि कंपनी डीलरकडे बोट दाखवते. तक्रार हिंदीत लिहिलेली चालते. सोबत शपथपत्र, ओळखपत्र, आरसी, खरेदीचं इनव्हॉइस, वॉरंटीची आणि एक्स्टेंडेड वॉरंटीची कागदपत्रं, तारखेच्या क्रमाने सगळी जॉब कार्डं आणि बिलं, ई-मेल, टोइंगच्या पावत्या. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. काकूंनी त्या लुकलुकणाऱ्या 'एन'चा बावीस सेकंदांचा व्हिडिओ घाटातच काढून ठेवला होता. आमच्याकडचा सर्वात बोलका पुरावा तोच.

मागणी काय करायची, याचा नीट विचार करा. सगळे आधी नवी गाडीच मागतात. पण मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात, तेही क्लचच्या दोषाचंच, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची जबाबदारी आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून मिळत नाही. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहा : मूळचाच उत्पादन दोष सिद्ध झाल्यास किंमत परत किंवा गाडी बदलून, ते नसेल तर नवा गिअरबॉक्स आणि त्यावर नवी वॉरंटी, शिवाय गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिली त्या दिवसांची भरपाई. उत्पादन दोष सिद्ध करण्यासाठी बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या, आणि निकाल लागेपर्यंत गिअरबॉक्स बाहेर कुठे उघडू देऊ नका.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. समोरच्यांना उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात निकालाला तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने धरले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त धरून चाला. व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत भोपाळच्या आयोगात अपील.

गाडी कर्जावर असेल तर या सगळ्या काळात हप्ते थांबवू नका. आरसीवर बँकेचा बोजा असतो, आणि किंमत परत मिळाली तरी आधी बँकेचा हिशोब होतो.

काकांचं प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं नाही. आयोगाची नोटीस पोहोचल्यावर कंपनीने ॲक्च्युएटर आणि कंट्रोल युनिट दोन्ही बदलून दिलं आणि त्या भागांवर वेगळी वॉरंटी लेखी दिली. तो समझोता आयोगासमोर नोंदवूनच आम्ही तक्रार मागे घेतली. चौथ्या जॉब कार्डावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे : 'गाडी चढावर न्यूट्रलमध्ये गेल्याबद्दल ॲक्च्युएटर बदलला.' खाली ॲडव्हायजरची सही आणि शिक्का आहे.