गोलघुमट आणि मांडव: घरातल्या थिएटरचा आवाज अडवायचा की शोषायचा?

विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी वाजवली की ती सात-आठ वेळा परत येते. सहलीला आलेली पोरं तिथे जो कालवा करतात, त्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही धड कळत नाही. आता आपल्या चौकातला गणपतीचा मांडव आठवा. आत बसलं की आवाज जराही घुमत नाही, निवेदकाचा शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो. फक्त तो चार गल्ल्या पलीकडे अंथरुणात पडलेल्या माणसालाही तितकाच सुटा ऐकू येतो.

घुमटाची जाड दगडी भिंत आवाजाला बाहेर जाऊ देत नाही, पण आत विरूही देत नाही. मांडवाचं कापड त्याला परतवत नाही, पण अडवतही नाही. घरातल्या रिकाम्या खोलीचं थिएटर करायला निघालेले बहुतेक जण (मीही त्यातलाच) या दोन गोष्टी एकच समजतात आणि तिथेच पैसे घालवून बसतात.

आमच्याकडे मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिची १० बाय १२ची खोली मोकळी झाली. पलंग हलवला, जुना प्रोजेक्टर घेतला, पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालच्या, घुमणाऱ्या स्वरांचा मोठा स्पीकर) लावला. पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. घरातली तक्रार: संवाद कळत नाहीत, सगळं विहिरीत बोलल्यासारखं येतं. बाहेरची तक्रार खालच्या मजल्यावरच्या काकूंची: "अहो, वर पिठाची गिरणी बसवलीत का?" मला वाटलं, दुखणं एकच आहे. दुकानदारालाही तसंच वाटलं, किंवा त्याने तसं दाखवलं. "साउंडप्रूफ फोम" म्हणून त्याने करड्या रंगाच्या त्रिकोणी कंगोऱ्यांच्या लाद्या दिल्या, त्या मी दोन भिंतींवर चिकटवल्या. संवाद थोडे सुधारले. काकू पुन्हा आल्या.

का आल्या, हे साध्या वजनावरून कळतं. भिंत आवाज अडवते ती आपल्या जडपणाने. आवाजाच्या लाटेला पलीकडे जायचं तर तिला अख्खी भिंत थरथरवावी लागते. भिंत जितकी जड तितकं ते अवघड. ढोबळ नियम असा की वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. आणि आवाज कानाला निम्मा वाटायला हवा असेल तर साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. साडेचार इंची विटांची, प्लास्टर केलेली भिंत दर चौरस मीटरला २०० किलोच्या वर भरते. माझा दोन इंची फोम दर चौरस मीटरला जेमतेम सव्वा किलो. म्हणजे हत्तीच्या पाठीवर टॉवेल टाकून हत्ती जड झाला म्हणण्यातला प्रकार. अंड्यांच्या ट्रेचं तर विचारूच नका. तो पातळ कागदाचा लगदा. आवाज अडवत नाही, शोषतो तोही नावापुरता, आणि पेटतो मात्र झकास.

पेटण्यावरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाचा नाइटक्लब होता. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून मालकांनी भिंतींना पॉलियुरेथेनचा फोम चिकटवला. २० फेब्रुवारी २००३च्या रात्री रंगमंचावरच्या आतषबाजीने तो पेटला आणि १०० माणसं गेली. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ला जवळजवळ असंच घडलं. तिथे २४२ जण गेले, बरेचसे फोमच्या विषारी धुराने. जो फोम आवाज अडवतच नाही, तो आवाज अडवायला लावला, अशी ही गोष्ट आहे. आपल्या खोलीत आतषबाजी नसते, पण स्विचबोर्ड असतो, प्रोजेक्टरची गरम हवा असते, संध्याकाळची उदबत्ती असते. मी फोम काढून टाकला.

मग शोषणं म्हणजे काय? इथे हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांचं काम फार उपयोगी पडतं. १८९५मध्ये विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात कुणाचंच बोलणं कळेना, तेव्हा या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात ते काम पडलं. ते रात्री-अपरात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचे, एकेक वाढवत न्यायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. शोषणाचं माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण तिच्यातून गेलेला आवाज खोलीत परत येत नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. आतल्या माणसाच्या दृष्टीने उघडी खिडकी ही सर्वांत उत्तम शोषक आहे. काकूंच्या दृष्टीने तीच सर्वांत वाईट. अडवणारी गोष्ट जड आणि हवाबंद लागते. शोषणारी हलकी, सच्छिद्र, जिच्यातून हवा जाते अशी लागते. हवेची हालचाल तंतूंमध्ये घासून घासून उष्णतेत विरते, एवढंच शोषण. म्हणून एकाच पट्टीत दोन्ही कामं करणारं स्वस्त पॅनेल कुणी विकत असेल, तर खुशाल पुढच्या दुकानात जा.

वेष्टणावरचे आकडेही दोन असतात. एनआरसी म्हणजे शोषणाचा आकडा. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं; आकडा लहान तितका स्वर खालचा) या चार ठिकाणची सरासरी. ०.९ लिहिलं असेल तर विक्रेता बिनदिक्कत "९० टक्के साउंडप्रूफ" सांगतो. एसटीसी म्हणजे अडवण्याचा आकडा, आणि तो १२५ ते ४००० हर्ट्झपर्यंतचंच बघतो. सबवूफरचा बराचसा धिंगाणा १२० हर्ट्झच्या खाली चालतो. म्हणजे काकूंच्या गिरणीबद्दल यातला एकही आकडा काही बोलत नाही.

आता सॅबिन यांचं सूत्र आपल्या खोलीला लावू. आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. १० बाय १२ची, साडेनऊ फूट उंचीची खोली साधारण ३२ घनमीटर. नुसतं प्लास्टर आणि टाइल्स असतील तर अख्ख्या खोलीचं शोषण दोन चौरस मीटर उघड्या खिडकीइतकंही भरत नाही. आवाज विरायला अडीच सेकंदांच्या वर लागतात. तोवर पात्र पुढची दोन वाक्यं बोलून मोकळं होतं. चित्रपट बघायच्या छोट्या खोलीत हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आला की बरं.

त्यासाठी महागडं काहीच लागत नाही. कापडी सोफा आणि त्यावर तीन माणसं मिळून साडेतीन चौरस मीटरचं काम करतात. जाड सतरंजीवर गालिचा आणि दुहेरी, भरपूर चुण्यांचा पडदा मिळून जवळजवळ चार. उरलेलं काम दोन इंची रॉकवूलची (दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीची) चार चौरस मीटर पॅनेलं करतात. बेरीज साडेबारा-तेराच्या आसपास जाते आणि आवाज चार दशांश सेकंदात विरतो. मी सुतारकाकांकडून लाकडी पट्ट्यांच्या २ बाय ४ फुटी चौकटी करून घेतल्या, त्यांत रॉकवूल बसवलं आणि वरून मांजरपाट ताणून ठोकलं. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेत, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे गेली पाहिजे. इथेच सजावटवाले घात करतात. छान दिसतं म्हणून ते पॅनेलवर रेक्झिन चढवतात, की छिद्रं बुजली. दिसायला मल्टिप्लेक्स, ऐकायला बाथरूम.

पॅनेलं कुठे लावायची? आपल्या जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसतो, तिथूनच त्याचा आवाज आपटून तुमच्याकडे येतो, पॅनेल तिथे. डावीकडे एक, उजवीकडे एक, उरलेली मागच्या भिंतीवर. भिंतीपासून दोन इंच पुढे टांगली तर त्याच मालात खालचे स्वरही थोडे जास्त शोषले जातात.

पैसे अगदीच नसतील तर माळ्यावरची जुनी कापसाची गादी काढा. पिंजाऱ्याने भरलेली चार इंची गादी हा उत्तम शोषक आहे. उभी करून मागच्या भिंतीला टेकवा, वर जुनी साडी टाका. पावसाळ्यात मात्र तिला बुरशी धरते आणि कापूसही पेटतोच, म्हणून स्विचबोर्डापासून दूर, आणि ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर.

हे सगळं झालं आणि खोली शांत, मऊ झाली. काकूंचा प्रश्न तसाच.

अडवण्याच्या बाबतीत आपल्या घरांत एक चांगली बाजू असते: विटांची भिंत मुळातच बरी असते. गळती असते ती दार आणि खिडकीतून. दाराखाली एक सेंटीमीटरची फट घ्या. पाऊण-एक मीटर रुंदीच्या दारात ती फट दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा नसते. पण एवढ्या फटीमुळे ते दार, सागवानी असो की बँकेच्या तिजोरीचं, २३ डेसिबलच्या वर अडवूच शकत नाही. पाणी भरलेल्या बादलीला भोक असावं तसं हे आहे. बादली किती जाड पत्र्याची, याला अर्थ उरत नाही. चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखाली सील हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या तर जन्मतःच गळक्या. मी खिडकीच्या चौकटीत घट्ट बसेल असं प्लायवूडचं झाकण करून घेतलं, कडेला रबर लावलं. चित्रपटापुरतं बसवतो, एरवी पलंगामागे. त्याने जिन्यातला आणि समोरच्या बिल्डिंगमधला आवाज खूप कमी झाला.

खाली जाणारा घुमघुमाट वेगळा. तो हवेतूनही जातो आणि सबवूफरच्या पायांमधून थेट स्लॅबमध्येही शिरतो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर. दोन इंची पॅनेल तिच्या खिजगणतीतही नाही. शिवाय १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतीत अडकून फुगतो, सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर जास्तच. खरा इलाज म्हणजे खोलीत खोली: वेगळी भिंत, वेगळं छत, स्लॅबला थेट न टेकणारी तरंगती जमीन. तो चारी बाजूंनी चार-पाच इंच जागा खातो, स्लॅबवर वजन टाकतो, सोसायटीची परवानगी मागतो आणि खर्चात अख्खं थिएटर दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखा पडतो. फावल्या खोलीसाठी हे मला वेडेपणाचं वाटतं. मी सबवूफर कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या मध्याजवळ आणला, वॉशिंग मशीनखाली घालतात तसल्या रबरी पॅडवर ठेवला आणि त्याची पातळी उतरवली. स्लॅबमध्ये शिरणारी थरथर पॅड रोखतात. हवेतून जाणारा भाग उरतोच.

आणि इथे एक गंमत झाली. शोषण आणि अडवणं वेगळं हे खरं, पण आमच्या घरात एकाचा दुसऱ्याला आडून फायदा झाला. पूर्वी संवाद कळत नाहीत म्हणून मी आवाज वाढवायचो, मग मारामारी सुरू झाली की इमारत हलायची. खोली घुमायची थांबल्यावर त्याच चित्रपटाला बराच कमी आवाज पुरायला लागला. संवाद ज्यातून येतात त्या मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वर आणि रात्री अ‍ॅम्प्लिफायरचा नाइट मोड चालू केला की कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतरही आटोक्यात येतं. या दोन्हीला एक पैसा लागत नाही.

कायदाही माहीत असावा. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आमच्याकडे दहा वाजले की सबवूफरचं बटण बंद होतं. काकूंना ते ठाऊक आहे, आणि एखाद्या रविवारी दुपारी त्या स्वतःच वर येऊन सोफ्यावर बसतात.

दार-खिडकीचं काम संपल्यावर एक तपासणी जरूर करा. रात्री बाहेरचे सगळे दिवे घालवा, कुणाला तरी खोलीत मोठी बॅटरी घेऊन बसवा, दार लावा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. आमच्याकडे दार अगदी काळंकुट्ट दिसलं, पण एसीचा पाइप ज्या भोकातून बाहेर गेला होता, तिथून रुपयाएवढा लख्ख उजेड येत होता.