९६ पर्सेंटाइल म्हणजे ९६ टक्के नव्हेत

इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा निकाल लागला की घरोघरी तोच प्रश्न: "९६ पडले ना? मग पुण्याचं सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेज कसं नाही मिळालं?" विचारणारे काका-मावशी पर्सेंटाइलला टक्के समजतात आणि पोरगं मान खाली घालून बसतं. मला हे बघवत नाही.

टक्के तुमच्या पेपरबद्दल सांगतात. पर्सेंटाइल सांगतं, तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण दर शंभरांतल्या किती जणांना पडले. पीसीएमचा (भौतिक, रसायन, गणित) पेपर २०० गुणांचा असतो आणि परीक्षा अनेक सत्रांत होते. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी केली जाते. समजा, ३ लाख मुलं बसली. तर ९६ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण १२ हजार जण असतात. नामांकित कॉलेजातल्या संगणक शाखेच्या जागा मात्र शेकड्यांत मोजायच्या, आणि त्याही वेगवेगळ्या प्रवर्गांत विभागलेल्या. मुलगा हुशार आहेच, जागा थोड्या आहेत. रडू आलं तर रडू द्या, त्या दिवशी शेजारच्या पोराचा आकडा काढू नका.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: "अवघड कॉलेज वर टाकलं की खालचंही हातचं जातं." कॅप फेरीत, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, असं होत नाही. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी आली की तुम्ही भरलेली कॉलेजांची यादी वरून खाली तपासली जाते आणि तुम्हाला मिळू शकणारी पहिली जागा दिली जाते. त्यामुळे क्रम आवडीचाच लावा. फक्त पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय, किंवा पुढच्या फेऱ्यांत वरच्या काही पर्यायांपैकी एखादा मिळाला, तर तो स्वीकारावा लागतो, म्हणून तिथे नको असलेलं कॉलेज भीतीपोटी भरू नका.