सारखा त्रास, असमान उपचार

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेल्या) मुलांना मानसिक त्रास गोऱ्या मुलांपेक्षा कमी होतो, असे नाही. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात, या दोन्ही गटांतील मुले आणि तरुण बाह्यरुग्ण मानसोपचार गोऱ्यांच्या साधारण निम्म्यानेच घेत असल्याचे दिसले. कृष्णवर्णीय मुलांचे मानसिक त्रासासाठी तातडीच्या विभागात येण्याचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र गोऱ्या मुलांसारखेच होते. हातघाईवर आलेले दुखणे रुग्णालय गाठते. वेळीच आवरता आले असते, तेच वाटेत अडते.

विम्यातला फरक हिशेबात धरूनही त्या अभ्यासात ही तफावत कमी झाली नाही. बराचसा निकाल शाळेतच लागतो. वर्गात एक मूल खुर्ची ढकलून बाहेर निघून जाते, तेव्हा त्याला समुपदेशकाकडे पाठवायचे की मुख्याध्यापकांसमोर उभे करायचे, हे शिक्षक क्षणात ठरवतात. २०१४ मधील एका संशोधनात कृष्णवर्णीय मुलगे लोकांना वयापेक्षा मोठे आणि कमी निरागस वाटतात, असे आढळले. मोठ्या वाटणाऱ्या मुलाच्या वागण्यामागे दुखणे असेल अशी शंका सहसा येत नाही. शिक्षा आधी सुचते.

गोव्यात हा प्रश्न वंशाच्या रूपात समोर येत नाही, एवढ्यावरून हात झटकता येणार नाहीत. सत्तरी तालुक्यातल्या आईला मुलाला घेऊन बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत यायचे, तर बसप्रवासात दिवस जातो आणि रोजही बुडतो. वास्कोत कामासाठी आलेल्या कन्नडभाषक कुटुंबातील मूल कोकणी किंवा मराठी प्रश्नांपुढे गप्प राहिले, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून ते सोडून दिले जाण्याची शक्यता अधिक.

तज्ज्ञांच्या तुटवड्यावरचा एक उपाय गोव्यातच तपासला गेला. ‘संगात’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात स्थानिक, बिगरडॉक्टर समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यसेवेत नेमले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील नैराश्य आणि चिंताविकाराचे रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाले. अर्थात, ते प्रौढ होते आणि स्वतःच्या पायांनी केंद्रात आले होते. मुलाला कोणीतरी आणावे लागते.

अमेरिकेतील तफावत उघड झाली, कारण तिथल्या कुटुंब-पाहणीत वंश आणि घेतलेले उपचार, दोन्हींची नोंद होते. समुपदेशकाकडे गेलेल्या मुलांची घरची भाषा आणि तालुका आपल्या शाळांनी नोंदवला, तर कोणती मुले सुटत आहेत, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.