टकटक करणारा सेल्फ काय सांगत असतो?

"दिवे लख्ख लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. बिघाड सेल्फमध्येच!" जुनी पिकअप स्टार्ट होईनाशी झाली की हे हमखास ऐकू येतं. (सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर.) मग सेल्फ खोलला जातो, कधी नवाही बसतो, आणि गाडी तरीही ढिम्म. दिव्यांवरून काढलेला हा निष्कर्ष का फसतो, ते शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमातूनच कळतं: रोधात खर्ची पडणारा व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध.

चावी फिरवल्यावर इंजिन जोमाने फिरतंय पण पकडत नाही, अशी तक्रार असेल तर तो वेगळा विषय. तिथे इंधन पोचतंय का, फिल्टर तुंबलाय का, डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे का, पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते का, ते बघायचं. इथे बोलायचंय ते इंजिन फिरतच नाही, नुसती टकटक होते, त्या गाडीबद्दल.

५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर प्रवाह घेतात. सेल्फला इंजिन फिरवायला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त. आता बॅटरीच्या टर्मिनलवर (शिशाच्या खुंटावर), त्याला धरणाऱ्या वायरीच्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, पांढरट-निळसर पूड साचून ०.०२ ओहमचा रोध तयार झाला असं समजा. दिव्यांच्या ९ अँपिअरला त्या सांध्यात ०.१८ व्होल्ट खर्ची पडतात. डोळ्यांना हा फरक कळतही नाही. पण १५० अँपिअर वाहायला लागले की त्याच सांध्यात ३ व्होल्ट जातात आणि ४५० वॅट उष्णता तिथेच निर्माण होते. असा क्लॅम्प हाताला चांगलाच गरम लागतो. १२.६ व्होल्टमधले ३ तिथे गेले, आणखी एक-दीड बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधात गेला, की सेल्फच्या वाट्याला जेमतेम आठ उरतात.

टकटक येते ती सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडमधून, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचमधून, आणि त्याची रचना मला फार आवडते. सोलेनॉइड दोन कामं करतो. सेल्फचं छोटं दातेरी चाक ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकवतो, आणि ढकलण्याच्या शेवटी तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडून मोटरला प्रवाह देतो. त्याच्या आत तारेची दोन वेटोळी असतात, एक जोरात ओढणारं आणि दुसरं नुसतं धरून ठेवणारं. ओढणाऱ्या वेटोळ्याचं दुसरं टोक मोटरमधून अर्थ झालेलं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं. त्यामुळे कॉन्टॅक्ट जुळताच त्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि त्यातला प्रवाह आपोआप थांबतो. उरतं फक्त धरून ठेवणारं वेटोळं. नेमक्या त्याच क्षणी थांबलेली मोटर प्रचंड प्रवाह मागते, कारण ती फिरत नसते तोवर उलटा विरोध करणारं विद्युतचालक बल शून्य असतं. व्होल्टेज कोसळतो, धरणाऱ्या वेटोळ्याची पकड सुटते, स्प्रिंग सोलेनॉइडमधला सरकता दट्ट्या मागे रेटते, कॉन्टॅक्ट उघडतात. भार गेला की व्होल्टेज पुन्हा चढतो आणि पुन्हा ओढ बसते. टक, टक, टक. विजेच्या घंटेतला हातोडा स्वतःचंच सर्किट तोडून वाजत राहतो, तसाच हा प्रकार. म्हणजे भरभर टकटक ऐकू आली, तर सोलेनॉइड काम करतोय आणि भार पडताच व्होल्टेज टिकत नाहीये. एकदाच ठक्क होऊन सगळं शांत झालं, तर जळालेले कॉन्टॅक्ट किंवा अडकलेली मोटर यांचा संशय धरावा.

या टप्प्यावर बॅटरीत टाकायची 'संजीवनी' पावडर सुचवणारेही भेटतात. अमेरिकेत १९५३ साली एडी-एक्स२ नावाच्या अशाच पावडरीवरून, म्हणजे सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या मिश्रणावरून, मोठं वादळ उठलं होतं. ती निरुपयोगी आहे, असं सांगणाऱ्या राष्ट्रीय मानक संस्थेचे संचालक अॅलन अॅस्टिन यांना पदावरून दूर केलं गेलं. वैज्ञानिकांच्या संतापानंतर त्यांना परत घ्यावं लागलं आणि विज्ञान अकादमीच्या समितीने त्यांच्या संस्थेच्या चाचण्या योग्य ठरवल्या. तरीही तसली पुडकी खपतातच, याची मला चीड येते.

पैसे घालवायचेच असतील तर साधा मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी फिरवायला दुसरा माणूस. भार नसताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. खरी परीक्षा मात्र सेल्फ मारताना. तेव्हा बॅटरीच्या दोन खुंटांमधला आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा, पुन्हा तेच झालं तर ती गेली. आकडा टिकला, तर मीटरची एक सुई शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर टेका. दिसायला दोन्ही एकच धातूचा गोळा, त्यामुळे सेल्फ मारताना जवळपास शून्य दिसायला हवं. तिथे २ व्होल्ट दिसले तर चोर सापडला. क्लॅम्प काढताना आधी निगेटिव्ह सोडवा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागून शॉर्ट होईल. घासून साफ करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून सेल्फचा सगळा प्रवाह एका विणलेल्या पट्टीतून किंवा जाड वायरीतून बॅटरीकडे परततो. जुन्या पिकअपमध्ये ती गंजते, तिचे तंतू तुटतात. मग प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते. निगेटिव्ह खुंट आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर याच दोन जागांना जंपर केबल लावून चावी फिरवा. इंजिन फिरलं तर पट्टी बदला. पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंतही असंच मोजा. या सगळ्या जागा चोख निघाल्या, तरच सेल्फ खोलून आतल्या फिरत्या भागाला प्रवाह पोचवणारे कार्बन ब्रश बघायचे.