रिपोर्ट नॉर्मल, तरी खाज

लालबागच्या चाळीत सहा वर्षांची पोर रात्री मध्येच उठून रडते. 'आई, शूच्या जागी खाजतंय.' चड्डीवर पांढरट डाग. आजी म्हणते, गोड बंद करा. लघवी तपासली, शौच तपासलं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल.

कारण हा जंत रात्रपाळीवाला. सूतकृमी. मुक्काम मोठ्या आतड्यात, पण मूल गाढ झोपलं की मादी गुदद्वारातून बाहेर येते. जेमतेम सेंटिमीटरभर, शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी. भोवतालच्या कातडीवर हजारो चिकट अंडी घालते नि मरते. शौचात अंडी सापडणार कुठून?

मुलींमध्ये योनीमार्ग अगदी लागूनच. वाट चुकलेली मादी तिकडे शिरते, सोबत आतड्यातले जिवाणू नेते. मग खाज, स्राव, लघवीला जळजळ. मोठ्या बायकांमध्ये ती क्वचित गर्भाशय ओलांडून बीजनलिकेपर्यंतही जाते. तिथे मेली की शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं. भलत्याच कारणासाठी ऑपरेशन होतं आणि काढलेल्या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने चपटी अंडी दिसतात!

रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा नावाच्या जंताची तऱ्हा याहून वाईट. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून निघालेलं त्याचं पिल्लू माणसाची कातडी भेदून आत शिरतं; पुढे मादीची अंडी मूत्राशयात आणि गर्भाशयाच्या मुखात अडकतात. तिथे वाळू भुरभुरल्यासारखे डाग पडतात, रक्त जातं, वंध्यत्वही येऊ शकतं. लघवीत अंडी नसली तरी हे सगळं असू शकतं. हा मुख्यतः आफ्रिकेतला आजार. पण चाकरमान्यांनो, १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही याच जातकुळीच्या जंताचे रुग्ण नोंदले गेले होते.

आपल्या पोरीकडे वळू. सकाळी उठल्याउठल्या, शी-आंघोळीच्या आधी, गुदद्वाराभोवती पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. तीन दिवस ओळीने. किंवा पोर झोपल्यावर दोन-तीन तासांनी मोबाइलचा टॉर्च मारून बघायचं. कधीकधी वळवळणारा दोरा थेट दिसतो.

आजीच्या लाडवांचा यात काही दोष नाही. खाजवलेल्या नखांतून अंडी तोंडात जातात, चादरीवर सांडतात आणि काही तासांतच दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. एका गादीवर चौघं झोपणाऱ्या घरात एकट्या पोरीला गोळी देऊन भागत नाही. डॉक्टरांना विचारून सगळ्यांनी एकाच दिवशी अल्बेंडाझोल घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. गोळीने जंत मरतात, अंडी उरतात. त्या सकाळी चादरी-चड्ड्या गरम पाण्यात, आणि नखं कापायची. आजीचीसुद्धा.