‘चूकभूल द्यावी घ्यावी’ या ओळीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी हिशेबाच्या कागदाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरे असतात. हिशेब चोख ठेवणे हाच ज्याचा धंदा, त्यानेच हिशेब चुकला असण्याची शक्यता आधी मान्य करावी, यात परिपूर्णतेविषयीचा जुना विचार आहे.

कोणत्याही पूजेच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या क्षमाप्रार्थनेत मंत्र, क्रिया आणि भक्ती या तिन्हींत राहिलेली उणीव आधी कबूल केली जाते आणि मगच ‘परिपूर्णं तदस्तु मे’ असे मागणे येते. म्हणजे विधी कितीही नेटका झाला तरी पूर्णत्व त्याच्यातून निघत नाही, ते मागून घ्यावे लागते. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात उणे असेल ते पुरते आणि अधिक असेल ते सरते करून घ्या, अशी विनंती आहे, मात्र ती श्रोत्यांना. देवाकडचे मागणे इथे माणसांकडे आले, आणि मला यातला दिलासा अधिक जवळचा वाटतो.

जैन विचार परिपूर्णता नाकारत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ साली, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात उभी राहिली. ती ज्या परंपरेची आहे तिच्यात संपूर्ण ज्ञान, म्हणजे केवलज्ञान, शक्य मानले आहे. पण ते ज्याला झालेले नाही त्याचे प्रत्येक विधान एका बाजूने केलेले असते, म्हणून त्याला ‘स्यात्’, म्हणजे ‘एका दृष्टीने’, हा शब्द जोडायचा. परिपूर्णता आहे, पण आपल्या बोलण्यात नाही, ही भूमिका सरसकट नकारापेक्षा अधिक काटेकोर आहे.

ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने ज्याचा एकही भाग बाहेर उरलेला नाही ते परिपूर्ण, अशी व्याख्या केली. गणिताने ती कसोटी स्वतःला लावल्यावर १९३१ साली कुर्ट ग्योडेलने दाखवले की अंकगणित सामावणाऱ्या, सुसंगत आणि निश्चित नियमांनी बांधलेल्या प्रणालीत सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधाने उरतातच. (हा सिद्धान्त गणिताचा आहे, आपल्या आळसाचे समर्थन म्हणून तो वापरू नये.) १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या गांधीजींनी पुढे १९४६ साली ‘हरिजन’मध्ये युक्लिडच्या भूमितीतल्या, लांबी-रुंदी नसलेल्या बिंदूचा दाखला दिला : तो कोणालाही काढता येत नाही, तरी त्याचे मोल अविनाशी आहे.

सीमाभागात मात्र या दिलाशाचा एक गैरवापर होतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नही ‘जगात पूर्ण काहीच नसते’ म्हणून सोडून द्यावा, असे सांगितले जाते. त्या प्रश्नावर मत काहीही असो, हे सांगणे हिशेबाच्या ओळीला धरून नाही. तिचा व्यवहारातला अर्थ असा की चूक कोणत्याही बाजूची निघाली तरी कागद पुन्हा उघडायचा आणि फरक पैशासकट द्यायचा किंवा घ्यायचा.